स्मार्ट घर करायचंय? आधी लाईटचा बोर्ड उघडून बघा

गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या सात-आठ जणांनी तरी मला विचारलंय, घर स्मार्ट करायचंय, कुठल्या कंपनीचे बल्ब घेऊ? मी दरवेळी उलट दोन प्रश्न विचारतो. घरात कोण कोण राहतं, आणि पॅसेजमधल्या लाईटच्या बोर्डात न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, आहे का. पहिल्याचं उत्तर लगेच येतं, दुसऱ्यावर समोरचा गप्प होतो, आणि सगळं अडतं ते तिथेच. म्हणून हे एकदा नीट लिहून काढतोय, म्हणजे पैसे घालण्याआधी कोणाला तरी उपयोग होईल.

आमच्याकडे हे सुरू झालं बाबांमुळे. बाबा ७४ वर्षांचे, रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठतात, बेडरूम ते बाथरूम जेमतेम बारा पावलांचा पॅसेज आणि लाईटचं बटण नेमकं पलीकडच्या टोकाला. एकदा अंधारात स्टुलाला अडखळले, कोपराला चांगलाच मार बसला. मी दुसऱ्याच दिवशी एक वायफाय बल्ब आणून लावला, मोबाईलवर रात्रीचं टायमिंग सेट केलं आणि निवांत झालो. रात्री दहाला आईने रोजच्यासारखं पॅसेजचं बटण बंद केलं आणि झोपायला गेली. झालं. बटण बंद म्हणजे बल्बला करंटच नाही, आणि करंट नाही तर त्याला मोबाईल सांगणार काय आणि तो ऐकणार काय. मी बटणावर सेलोटेप लावून बघितली, आईला दोनदा समजावून सांगितलं, पण झोपण्याआधी घरभर फिरून एकेक लाईट बंद करणं ही तिची तीस वर्षांची सवय आहे आणि ती चांगलीच सवय आहे, ती मोडायला लावणारी सिस्टीमच चुकीची. त्या आठवड्यात माझा एक नियम पक्का झाला तो आजही तोच आहे. घरातल्या कोणीही, कामवाल्या मावशींनी किंवा पाहुण्यांनीसुद्धा, भिंतीवरचं बटण कधीही दाबलं तरी लाईट लागली पाहिजे आणि बंदही झाली पाहिजे. मोबाईल, आवाज, सेन्सर हे सगळं त्याच्यावरती वाढीव.

हा नियम धरला की निवड बरीच सोपी होते, कारण मग बल्ब स्मार्ट करायचा नसतो, बटण स्मार्ट करायचं असतं. बाजारात काडेपेटीएवढी रिले मॉड्यूल, म्हणजे इशाऱ्यावर चालणारे छोटे स्विच, मिळतात, ती तुमच्या आहे त्याच बटणाच्या मागे बोर्डात बसतात, बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. फरक एवढाच की आधी बटण स्वतः करंट तोडायचं-जोडायचं, आता ते मॉड्यूलला फक्त इशारा देतं आणि जोडणं-तोडणं मॉड्यूल करतं. त्यामुळे आईने बटण दाबलं काय, सेन्सरने सांगितलं काय, मॉड्यूलला दोन्ही सारखंच, आणि लाईट चालू आहे की बंद हे त्याला नेहमी माहीत असतं. बल्ब साधा ८०-१०० रुपयांचा एलईडी, उडाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून लावता येतो. रंग बदलणारे बल्ब हवेच असतील तर टेबल लॅम्पमध्ये लावा, तिथे ते छान दिसतात.

आता न्यूट्रल. हे शांतपणे वाचा, कारण इथेच बहुतेकांचं सामान परत करायची वेळ येते.

पॅसेजचा बोर्ड उघडायच्या दिवशी मी वायरमन काकांना बोलावलं होतं. त्यांनी डीबीमधून, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीतून, त्या सर्किटचा स्विच म्हणजे एमसीबी पाडली, टेस्टर लावून खात्री केली, प्लेटचे दोन स्क्रू काढून बोर्ड अलगद पुढे ओढला. आत सिमेंटची भुकटी, कोळ्याचं जाळं आणि दोनच वायरी. एक आत येणारी फेज, म्हणजे करंट आणणारी, दुसरी बटणातून वर दिव्याकडे जाणारी. काका म्हणाले, "इथे न्यूट्रल नाहीये, ती वरच्यावर होल्डरला गेलीय." जुन्या वायरिंगमध्ये हे अगदी नेहमीचं आहे, कारण साध्या बटणाला न्यूट्रल लागतच नाही, मग वायर वाचवायला ती छतातल्या जंक्शनमधूनच थेट दिव्याला दिलेली असते. पण मॉड्यूल हे छोटंसं यंत्र आहे, लाईट बंद असतानाही ते जागं राहून ऐकत असतं, आणि जागं राहायला त्याला चोवीस तास थोडा थोडा करंट लागतो, म्हणजे फेजही हवी आणि न्यूट्रलही.

तुमच्या घरी आहे का हे बोर्ड न उघडता बऱ्यापैकी ओळखता येतं. ज्या बोर्डावर प्लग पॉइंट आहे तिथे न्यूट्रल असतेच, नाहीतर प्लग चालणारच नाही. करंट आहे हे दाखवणारा छोटा लाल इंडिकेटर असेल तरी न्यूट्रल आहे समजा. नुसती बटणं असलेला बोर्ड असेल तर मात्र शंका घ्या. बिना-न्यूट्रलची मॉड्यूलंही मिळतात, ती दिव्यामधूनच चिमूटभर करंट खेचून स्वतः जगतात, पण कमी वॉटचा एलईडी असेल तर तेवढ्याही करंटने तो बंद असताना मिणमिणतो किंवा लुकलुकतो, मग त्या दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर लावावा लागतो, तो कंपन्या बहुतेक सोबत देतात. माझा अनुभव सांगायचा तर न्यूट्रल ओढून घेणं जास्त बरं. आमच्या पॅसेजच्या भिंतीपलीकडेच हॉलमधला प्लगचा बोर्ड होता आणि दोन्ही एकाच सर्किटवर, काकांनी पाइपातून काळी वायर ओढली, अर्ध्या तासात काम झालं. एक गोष्ट मात्र अजिबात करू देऊ नका, दुसऱ्याच सर्किटची न्यूट्रल उसनी घेणं. घरात आरसीसीबी (करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटचा हिशोब जुळत नाही आणि ती सारखी ट्रिप होते, आणि नसेल तर उलट जास्त वाईट, कारण एमसीबी पाडूनही त्या न्यूट्रलमध्ये दुसऱ्या सर्किटचा करंट असू शकतो आणि पुढचा माणूस बंद समजून हात घालतो. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, मीही स्वतः करत नाही.

मग लोड. बॉक्सवर १६ अँपिअर लिहिलंय म्हणून काहीही जोडू नका. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर खातो, तो १० अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर चालेल असं वाटतं, पण रोज अर्धा-पाऊण तास इतक्या काठावर चालवला की प्लग तापतो, पिवळा पडतो. ३००० वॉटचा इन्स्टंट गीझर तर १३ अँपिअर. गीझरला सरळ १६ अँपिअरचंच घ्या. पाण्याच्या मोटारीचं वेगळं आहे, मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, बंद होताना ठिणगी पडते, आणि मॉड्यूलमधल्या छोट्या रिलेचे पॉइंट त्या ठिणगीने हळूहळू चिकटतात. चिकटले की मोबाईलवर दिसतं मोटार बंद आणि टाकी वरून वाहत असते. मोटारीला मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जड लोडसाठीचा मोठा रिले, लावायचा, मॉड्यूल फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवेल आणि जड काम कॉन्टॅक्टर करेल.

पंख्याबद्दल थोडक्यात. साधा ७५ वॉटचा पंखा असेल तर मॉड्यूलने चालू-बंद करा आणि रेग्युलेटर आहे तसा राहू द्या. लाईटचा डिमर पंख्याला लावू नका, घूं घूं आवाज येतो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, पंखा घेणार असाल, तो तिशीच्या आसपास वॉट खातो, तर त्याचा रेग्युलेटर काढूनच टाकायचा, त्याचा वेग त्याच्या आतल्या सर्किटमधून रिमोटने किंवा ॲपने बदलतो, त्याला सरळ पूर्ण सप्लाय लागतो.

आता ही सगळी डिव्हाइसेस एकमेकांशी बोलणार कशी, कारण खरी गुंतागुंत इथे आहे आणि दुकानदार बहुतेक हे सांगत नाही.

वायफायची डिव्हाइसेस सगळ्यात सहज मिळतात आणि स्वस्त असतात. प्रत्येक डिव्हाइस थेट राउटरशी बोलतं. चार-पाच असली तर काही प्रश्न नाही, पण प्रत्येक बटण, प्रत्येक प्लग वायफायवर टाकत गेलात की नेटवाल्याने फुकट दिलेला राउटर दमतो आणि मग रोज एखादं डिव्हाइस ऑफलाइन. राउटर वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर देतो, यातली बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून जोडताना मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर असला की अनेकदा जोडलंच जात नाही आणि माणूस डिव्हाइस खराब आहे समजून परत पाठवतो. आधी राउटरमध्ये दोन्हीची नावं वेगळी करून बघा.

झिगबी हा स्मार्ट डिव्हाइसेससाठीचा वेगळा रेडिओ, तो वेगळ्या पद्धतीने चालतो. गावात आग लागली की विहिरीपासून माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात ना, तसं. पॅसेजचा सेन्सर थेट हबपर्यंत, म्हणजे सगळ्यांचे निरोप घेणाऱ्या डबीपर्यंत, पोचत नसेल तर तो हॉलमधल्या मॉड्यूलकडे निरोप देतो, ते पुढे देतं. ही हातोहात द्यायची कामं फक्त कायम करंटवर असलेली डिव्हाइसेस करतात, सेलवर चालणारे सेन्सर करत नाहीत, ते सेल वाचवायला बहुतेक वेळ झोपलेले असतात. म्हणून आधी दोन-तीन मॉड्यूल किंवा प्लग बसवा आणि मग सेन्सर जोडा. झिगबीला स्वतःचा हब लागतो, हा वाढीव खर्च, पण सेन्सर बटणसेलवर वर्ष-दीड वर्ष चालतात. झिगबी आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच असतात त्यामुळे एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळतो, राउटर चॅनल १ वर ठेवलात तर झिगबी २५ वर ठेवा, दोघं लांब राहतात. आणि हबऐवजी कॉम्प्युटरला लावायची झिगबीची यूएसबी डाँगल असेल तर ती एक्स्टेंशन केबल लावून कॉम्प्युटरपासून हातभर लांब ठेवा, यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी तिला नीट ऐकूच येत नाही. अजून एक, आपल्याकडे भिंतीतले बॉक्स बरेचदा पत्र्याचे असतात, पत्रा सिग्नल अडवतो, त्यामुळे मॉड्यूलची छोटी अँटेना वायर प्लास्टिक प्लेटच्या बाजूला वळवून ठेवायला सांगा.

झी-वेव्ह या झिगबीसारख्याच दुसऱ्या रेडिओबद्दल एवढंच, की अमेरिकेतला भाऊ किंवा मुलगी येताना प्रेमाने घेऊन येतील तर आधीच नको म्हणा. तिथली झी-वेव्ह ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते, भारतातली ८६५ च्या आसपास, दोघांची गाठच पडत नाही. शिवाय तिथले स्विच १२० व्होल्टचे आणि आकारानेही आपल्या बॉक्समध्ये न बसणारे.

मग मॅटर आणि थ्रेड, ज्याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. थ्रेड हा रस्ता आणि मॅटर ही भाषा. थ्रेड झिगबीसारखाच हातोहात निरोप देणारा रेडिओ आहे. मॅटर ही ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग आणि बाकी बऱ्याच कंपन्यांनी मिळून ठरवलेली एक सामाईक बोली, तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, आणि ती थ्रेडवरूनही बोलता येते, वायफायवरूनही. फायदा असा की मॅटरचं चिन्ह असलेला प्लग तुमच्या आयफोनलाही जोडता येतो आणि त्याच वेळी बायकोच्या अँड्रॉइडवरच्या गूगल होमलाही, आणि रोजचा निरोप घरातल्या घरात फिरतो. पण मॅटर आहे म्हणजे सगळं चालेल असं धरू नका. चालू-बंद हमखास चालतं, कंपनीच्या खास करामती मात्र कधीकधी तिच्याच ॲपमध्ये राहतात. आज नवीन घेत असाल तर दोन सारख्या वस्तूंमध्ये मॅटरवाली घ्या, पण केवळ मॅटरसाठी चालू असलेलं सामान काढू नका.

आणि या सगळ्यापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न हा, की नेट गेलं तर काय होतं? स्वस्त वायफाय डिव्हाइसमध्ये तुम्ही मोबाईलवर लाईट दाबलीत की तो निरोप घराबाहेर पडतो, कुठल्यातरी देशातल्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि परत येऊन चार फुटांवरची लाईट लावतो. नेट गेलं की बंद, सर्व्हर बंद पडला की बंद, आणि कंपनीनेच दुकान गुंडाळलं तर कायमचं बंद. हे खरंच घडलंय. रिव्हॉल्व नावाचा एक हब अमेरिकेत तीनशे डॉलरना विकला जायचा, ती कंपनी २०१४ मध्ये गूगलच्या नेस्टने घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. हब धडधाकट होते, मालकांनी पैसे पूर्ण भरले होते, आणि ते एका दिवसात निकामी झाले. म्हणून घ्यायच्या आधी एकच गोष्ट शोधा, लोकल कंट्रोल आहे का, म्हणजे नेटशिवाय घरातल्या घरात चालतं का. दुकानात उत्तर मिळालं नाही तर एकच नग आणा, जोडा, राउटरमधून नेटची वायर उपटा आणि चालतंय का बघा. चाललं तर बाकीचे दहा आणा.

सगळ्यांना एकत्र आणायला एक मेंदू लागतो. मी होम असिस्टंट वापरतो, हे फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, पॉलुस शाउत्सेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं, रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर किंवा जुन्या मिनी पीसीवर चालतं आणि हजारो प्रकारची डिव्हाइसेस त्याला ओळखता येतात. मला ते मनापासून आवडतं कारण माझ्या घराची माहिती माझ्याच कपाटात राहते. पण ते सगळ्यांसाठी नाही हेही तितकंच खरं, महिन्याकाठी तासभर अपडेट, बॅकअप यात द्यायची तयारी हवी. नसेल तर एखाद्या चांगल्या कंपनीचा लोकल चालणारा हब घ्या आणि त्याला चालणारीच डिव्हाइसेस घ्या, काही बिघडत नाही. मेंदू आधी ठरवा आणि मग त्याला काय काय जोडता येतं ती यादी बघून खरेदी करा, एवढा क्रम पाळा. सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून पाच कंपन्यांची पाच ॲप मोबाईलवर आणलीत की ती एकमेकांशी कधीच बोलत नाहीत.

आता बाबांचा पॅसेज पूर्ण करतो. बाथरूमच्या दाराच्या चौकटीजवळ, गुडघ्याच्या उंचीवर एक झिगबी मोशन सेन्सर चिकटवला, वर लावला असता तर झोपेतल्या कुशीवरही लाईट लागली असती. नियम असा, रात्री ११ ते सकाळी ६ मध्ये हालचाल दिसली तर पॅसेजच्या कोपऱ्यातला ३ वॉटचा पिवळा दिवा लावायचा, मोठी ट्यूब लावायची नाही कारण डोळे दिपून झोप उडते, आणि शेवटच्या हालचालीनंतर चार मिनिटांनी बंद करायचा. आधी एक मिनिट ठेवलं होतं, बाबा बाथरूममध्ये असतानाच पॅसेज काळोखा व्हायचा. असे सेन्सर अंगाची उष्णता हलताना पकडतात, स्वस्थ बसलेला माणूस त्यांना दिसत नाही. नागपूर-अकोल्याकडच्यांनी अजून एक लक्षात ठेवा, मे महिन्यात भिंतीच अंगाएवढ्या तापतात तेव्हा या सेन्सरला माणूस नीट वेगळा ओळखू येत नाही. तिथे रडारवाले सेन्सर बरे, ते श्वासाची हालचालसुद्धा पकडतात, फक्त त्यातल्या बहुतेकांना कायम करंट द्यावा लागतो.

एसीला मी आयआर ब्लास्टर लावलाय, म्हणजे रिमोटची नक्कल करणारी डबी. ती फक्त बोलते, ऐकत नाही, एसी खरंच सुरू झाला का हे तिला कळत नाही. म्हणून खोलीत एक तापमानाचा सेन्सर ठेवलाय, वीस मिनिटांत तापमान उतरलं नाही तर मोबाईलवर मेसेज येतो. गॅलरीचा दिवा मी घड्याळावर लावला नाही, सूर्यास्तावर लावला, कारण मुंबईकडे नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासात उलटून जातात. त्या नियमाचं नाव दिवेलागण ठेवलंय. नावं मराठीतच ठेवा, "पॅसेज दिवा", "देवघर", "मोठी खोली", म्हणजे आई-बाबांनाही स्क्रीनवर काय आहे ते कळतं.

लाईट गेल्यावर काय, हे कोणी आधी विचारात घेत नाही. रात्री तीनला लाईट गेली आणि आली की काही डिव्हाइसेस आपोआप चालू होतात, सगळं घर झगमगतं, आणि गीझर चालू झाला तर सकाळपर्यंत चालूच. बहुतेक डिव्हाइसेसच्या सेटिंगमध्ये पॉवर-ऑन स्टेट असतं, म्हणजे लाईट परत आल्यावर चालू राहायचं की बंद. गीझर आणि मोटारीला ते बंदवरच ठेवा, दिव्यांना आधी होतं तसं. राउटर आणि हब इन्व्हर्टरवर घ्या, किंवा राउटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्या, नाहीतर लाईट आल्यावर सगळं परत जुळायला दहा-दहा मिनिटं जातात.

कॅमेरे आणि दाराचं कुलूप शेवटी करा, सहा महिने बाकीचं नीट चालल्यावर. कुलूप घेताना साध्या किल्लीनेही उघडतं का एवढं बघाच, आणि ती किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा. कॅमेरे, प्लग यांना राउटरमधल्या गेस्ट नेटवर्कवर टाकता आलं तर टाका, म्हणजे एखादं हॅक झालं तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत कोणी पोचत नाही, फक्त हबला ती दिसतायत ना हे तपासून घ्या.

आमच्या डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय. कुठल्या एमसीबीवर काय आहे, कुठल्या बोर्डामागे मॉड्यूल आहे, हब बंद पडला तर कुठली वायर काढून घालायची, आणि अगदीच काही सुचलं नाही तर मोठ्या अक्षरात, "सगळी बटणं नेहमीसारखी चालतात." त्याखाली बाबांनी पेनने वायरमन काकांचा नंबर लिहून ठेवलाय.